अण्णांची कचरापेटी

"ओ ताई, माझी कचरापेटी रिकामी कशी काय झाली?"

मंगळवारी सकाळी सव्वानऊला शिवगोंडा अण्णांनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी चहाचा पहिला घोट घेत होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. मगदूम फाउंड्रीतल्या बावीस जणांचे मेल जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर आणून सोडले होते. गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळ्यांचे पासवर्ड चालत होते. पहिल्या दिवशी कुणाचं ना कुणाचं काहीतरी अडतंच, त्याची तयारी ठेवून मी आले होते. पण कचरापेटी रिकामी झाल्याची तक्रार येईल, हे काही माझ्या यादीत नव्हतं.

"रिकामी झाली तर चांगलंच की अण्णा," मी म्हटलं. "घरची तर रोज करावी लागते."

अण्णा हसले नाहीत. माझ्या विनोदाला लोक हसत नाहीत याची मला सवय आहे, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

"त्यात माझे मेल होते," ते म्हणाले.

"कुठले मेल?"

"सगळे. धा वर्सांचे. अकरा हजार चारशे आठ."

चहा मी तसाच खाली ठेवला.

आधी मी कोण ते सांगते. मी सुनेत्रा इंगवले. आठ वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरची कामं केली, मग तिथल्या साहेबाशी खटका उडाला आणि मी नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं. स्वतःचं म्हणजे राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, दारावर एक पाटी आणि पाचशे व्हिजिटिंग कार्डं. त्यातली चारशे नव्वद खोक्यातच होती. आज माझ्याकडे सात जण कामाला आहेत, पण ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, तेव्हा मालक, नोकर आणि झाडूवाली तिन्ही मीच होते.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली ही लोखंड ओतायची फाउंड्री माझं पहिलं मोठं काम. धाकटे मालक अभिनंदन मगदूम यांना पुण्याची कंपनी हवी होती. थोरले मालक आप्पासाहेब म्हणाले, "हितली बाई हाय. अडलं तर हाक मारली की येतीय. पुण्याचा माणूस येईस्तोवर आपला पत्रव्यवहार शिळा व्हायचा." एवढ्या एका वाक्यावर काम मला मिळालं. ते नीट झालं तर वसाहतीत दहा दारं उघडणार होती. बिघडलं तर पाटी उतरवून पुन्हा त्या जुन्या साहेबाच्या दारात जायचं, कारण शिरोलीत बातमी भट्टीपेक्षा लवकर तापते.

मेल हलवणं हे बिऱ्हाड हलवण्यासारखंच असतं. पत्ता तोच राहतो, आतलं घर बदलतं. जुनं सामान उचलायचं, नव्या जागी लावायचं, आणि मधल्या काळात येणारं पत्र चुकून जुन्या दारात पडणार नाही हे बघायचं. फाउंड्रीची सुट्टी सोमवारची, म्हणून मी रविवारी दुपारी सुरुवात केली, सोमवारी कारखाना बंद असताना सगळं ओढून घेतलं आणि मंगळवारी सकाळी नवं घर उघडून दिलं. अडचण एकच होती. तिथली इंटरनेटची लाइन इतकी बारीक, की सामान वेळेत जाईना. मग बिऱ्हाड हलवताना कुणीही करतं तेच मी केलं, आधी अडगळ काढली. रविवारी चारच्या सुमाराला वरच्या मजल्यावर बसून बावीस कचरापेट्या एकेक करून रिकाम्या केल्या. आत काय आहे ते बघितलं नाही. कचरापेटीत कचरा असतो, त्यात बघायचं काय? तशी मी आठवडाभर आधी बोर्डावर सूचना लावली होती, की नको असलेले मेल काढून टाकावेत. कचरापेट्या मी रिकाम्या करणार आहे, असं मात्र तिच्यात कुठं लिहिलं नव्हतं.

"अण्णा," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "कामाचे मेल तुम्ही कचरापेटीत का ठेवत होता?"

अण्णा म्हणजे फाउंड्रीचा सगळा पत्रव्यवहार. गिऱ्हाइकांची ऑर्डर, नकाशे, माल कधी निघाला, कुठं पोचला, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. एकतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला तीन महिने राहिले होते. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि खिडकीपाशी नेलं. बाहेर कुंपण घातलेल्या जागेत लोखंडाचा ढीग होता. फुटके तुकडे, वेडेवाकडे दांडे, अर्धवट भरलेले ओतीव भाग.

"ते काय हाय?" त्यांनी विचारलं.

"भंगार."

"बाहेरच्यांना ते भंगार. आमचा माल हाय त्यो. ओतून झाल्यावर जे उरतंय, जे नापास हुतंय, ते समदं तिथं पडतंय आन् परत भट्टीत जातंय. फाउंड्रीत टाकून काय देत न्हाईत, ताई. त्या कुंपणाला कुलूप बघा केवढं हाय." मग ते कॉम्प्युटरकडे वळले. "तसंच हे. काम व्हायचं हाय तवर मेल वर ठेवायचा. काम झालं की त्या डब्याचं बटण दाबायचं. डब्यात जाऊन पडतंय. कवा लागलं तर नाव टाकायचं, सापडतंय. धा वर्सांत एक बी हरवला न्हाई."

चाळीस-चाळीस कप्पे करून एक मेल न सापडणारी शिकलीसवरलेली माणसं मी पाहिली होती. अण्णांची पद्धत बिनतोड होती. तिच्यात एकच दोष होता, तो म्हणजे मी.

"कुणाच्या हातनं तर न्हाई ना झालं ताई?" त्यांनी हळूच विचारलं.

आणि मी खोटं बोलले.

"नाही अण्णा. सर्व्हर बदलताना कचरापेटी येत नाही. आपोआप रिकामी होते. सगळीकडे तसंच असतं."

"असं व्हय," अण्णा म्हणाले, आणि माझा चहा गार झाला म्हणून दुसरा सांगितला.

तो चहा पीत असताना त्यांनी मला नाशिकचं प्रकरण सांगितलं. नाशिकची एक पंप बनवणारी कंपनी फाउंड्रीचं जुनं गिऱ्हाईक होतं. पंपाच्या तोंडाशी जी जाड कड असते, जिला फ्लँज म्हणतात, ती नकाशात वीस मिलिमीटर होती. आदल्या वर्षी तिथल्या राजोपाध्ये नावाच्या इंजिनिअरने मेल करून कळवलं, की कड बावीसची करा, आमची हरकत नाही. तशी सहाशे चाळीस कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पाठवली गेली. मग राजोपाध्ये परदेशी गेले, त्यांच्या जागी करंदीकर आले. करंदीकरांनी नकाशा बघितला, माल मोजला आणि सगळा माल चुकीचा म्हणून बाजूला लावला. शुक्रवारी ते स्वतः येणार होते. राजोपाध्यांचा मेल दाखवला तर मिटलं. नाही दाखवला तर माल परत, पुढच्या ऑर्डरी बंद, आणि एवढ्या मालात चूक कुणी केली याचं उत्तर एकच, ज्याने तोंडी काहीतरी ऐकून काम लावलं तो शिवगोंडा.

"मेल हाय म्हणून मी धाकट्या दादांना छातीठोक सांगितलंय," अण्णा म्हणाले. "डब्यात होता. गेल्या म्हैन्यात बी बघितला हुता."

मी वर जाऊन जुन्या सर्व्हरवाल्यांना फोन लावला. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, सर्व्हर बिघडला तर आम्ही परत आणून देतो, पण तुम्ही स्वतः रिकामी केलेली पेटी परत येत नाही, मॅडम. मी त्याला तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं. त्याने तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मग मी अण्णांच्या पाठवलेल्या मेलमध्ये शोधलं. राजोपाध्यांना उत्तर दिलं असेल तर त्याखाली मूळ मेल चिकटलेला मिळतो. पण अण्णा आलेल्या मेलला कधी मेलने उत्तर देतच नव्हते. मेल आला की फोन उचलायचा आणि सांगायचं, "मिळाला बरं का. बाकी काय, बरं हाय न्हवं?" आणि स्वतः मेल पाठवला, की लगेच फोन करून तो पोचला का ते विचारायचं. एका मेलमागे एक फोन, हा त्यांचा नेम होता. अभिनंदनदादा त्यावरून त्यांची चेष्टाही करायचे.

दुपारी मी खाली आले, तर अण्णा फोन नंबरांची जुनी डायरी काढून बसलेले.

"ज्यांनी धाडलंय त्यांच्याकडं असतील की मेल," ते म्हणाले. "आपल्याकडचे गेले म्हून त्यांच्याकडचे कशाला जातील?"

मी आठ-नऊ वर्षं ह्या कामात होते. सर्व्हर, बॅकअप, लॉग, सगळीकडे डोकं फोडून आले होते. पत्राला दुसरं टोक असतं, आणि त्या टोकाला माणूस बसलेला असतो, हे मला सुचलं नव्हतं.

बुधवारी सकाळपासून अण्णांनी फोन सुरू केले आणि मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. येईल तो मेल उचलून नव्या कप्प्यात ठेवायचं काम माझं. कप्प्याला मी 'झालेली कामं' असं नाव दिलं. अण्णांना ते पसंत पडलं.

"हॅलो, शिवगोंडा बोलतोय, शिरोलीचा. व्हय, व्हय. तुमची मुलगी कितवीला गेली? बरं. एक काम हुतं. माझ्या हातनं मेल गेले ओ समदे. तुम्ही धाडलेले नकाशे तेवढे परत धाडता का?"

माझ्या हातनं. प्रत्येक फोनवर तेच. बेळगावच्या माणसाला तेच, राजकोटच्या माणसाला मोडक्यातोडक्या हिंदीत तेच, कोइमतूरच्या माणसाला इंग्रजीचे चार आणि हिंदीचे सहा शब्द जोडून तेच. सर्व्हर बदलताना गेले असंही म्हटले नाहीत. मी सांगितलेलं खोटं त्यांनी एकदाही वापरलं नाही. मी शेजारी बसून ऐकत होते आणि खुर्ची टोचत होती. दर फोननंतर वाटायचं, आता सांगावं. तेवढ्यात ते पुढचा नंबर फिरवायचे, आणि मी म्हणायचे, हा झाला की सांगू.

आणि मेल येऊ लागले. आधी दोन, मग सात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत साठ. बेळगावच्या माणसाने दहा वर्षांचा सगळा व्यवहार वर्षवार लावून पाठवला आणि खाली लिहिलं, की अण्णा, पुढच्या वेळी हरवा, परत पाठवीन. राजकोटवाल्याने स्वतःच्या मुलाला कामाला बसवलं होतं. सांगलीच्या एका बाईंनी तर नकाशांचे जुने कागद शोधून, त्यांचे फोटो काढून पाठवले, कारण त्यांचाही मेल मध्यंतरी बंद पडला होता. एकानेही 'बघतो' म्हणून टोलवलं नाही. मी त्यांच्यापैकी कुणालाही ओळखत नव्हते, पण त्या दिवशी येणारा प्रत्येक मेल मला स्वतःला आल्यासारखा वाटत होता. माझी चूक गावोगावची माणसं हातातलं काम टाकून निस्तरत होती, आणि त्यांना माझं नावही माहीत नव्हतं.

फक्त नाशिक राहिलं होतं. राजोपाध्यांचा परदेशातला नंबर कुणाकडे नव्हता आणि त्यांचं जुनं खातं कंपनीने बंद केलं होतं. करंदीकर म्हणाले, तुमच्याकडे मेल असेल तर दाखवा, मी मान्य करीन, पण मी शोधायला कुठं जाऊ? त्यांचंही बरोबर होतं. अण्णांना आठवलं, की राजोपाध्ये माल येणार असेल तर मेलची एक प्रत नाशिकच्याच स्टोअर्समधल्या लोखंडे बाईंना टाकायचे. लोखंडे बाई पुतण्याच्या लग्नाला गावी गेल्या होत्या आणि फोन लागत नव्हता.

गुरुवारी दुपारी तीनला आम्हा दोघांना आत बोलावणं आलं.

केबिनमध्ये आप्पासाहेब नेहमीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. टेबलामागे अभिनंदनदादा. वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस आवाज चढवतो.

"अण्णा, कामाचे कागद कचऱ्यात कोण ठेवतं हो? उद्या करंदीकर समोर बसल्यावर मी त्यांना काय दाखवू? तुमची रिकामी पेटी?"

"माझी चूक झाली, दादा."

"एकतीस वर्षांत तुमची एक चूक नाही म्हणून आप्पा सगळ्या वसाहतीला सांगत फिरतात. आणि जाता जाता ही? उद्याच्या मीटिंगला तुम्ही बसू नका. मी बघतो काय ते."

अण्णांसारख्या माणसाला त्यांच्याच गिऱ्हाइकासमोर बसू नका म्हणणं म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. दादा माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्हीच सांगा यांना. कचरापेटीत ठेवलेलं जाणारच ना?"

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याने मान डोलावली असती. माझं काम शाबूत राहिलं असतं, पाटी शाबूत राहिली असती, आणि अण्णा तीन महिन्यांनी तसेही घरी जाणार होते. हे सगळं मी त्या दोन सेकंदांत विचारात घेतलं, ते आज लपवत नाही. अण्णा माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती.

"दादा, पेटी मी रिकामी केली," मी म्हटलं. "रविवारी चार वाजता. सामान हलकं व्हावं म्हणून. अण्णांना विचारलं नाही, आत बघितलं नाही. आणि मंगळवारी त्यांनी विचारलं तेव्हा आपोआप झालं म्हणून खोटं सांगितलं. अण्णांची काही चूक नाही. कचरापेटीत काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, विचारायचं काम माझं होतं."

दादा म्हणाले, "म्हणजे दोन दिवस तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात?"

"हो."

"तुमची बाकीची कामं थांबवा, मॅडम. मी पुण्याला फोन करतो."

कोपऱ्यातून आप्पासाहेब बोलले. चष्मा काढून पुसत होते. "पुण्याला कशाला? काम त्याच पुरं करतील." मग अण्णांकडे वळून, जणू मी काही बोललेच नव्हते अशा सुरात म्हणाले, "शिवगोंडा, किती आले परत?"

"चार हजाराच्या वर, आप्पा."

"बरं. उद्या मीटिंगला तू बस. ह्या बाईंना बी बसव."

मला वाटलं, आप्पासाहेबांना नीट ऐकू आलं नसावं. वयही झालं होतं. केबिनमधून बाहेर आल्यावर मी अण्णांशी काहीतरी बोलू गेले, तर ते म्हणाले, "लोखंडे बाईंचा नंबर परत एकदा लावून बघूया," आणि चालू लागले.

शुक्रवारी अकराला करंदीकर आले. चाळिशीचा, शांत, पुढ्यात फाइल नीट लावून बसणारा माणूस. अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं, राजोपाध्ये काय म्हणाले, कधी म्हणाले, कड जाड का हवी होती. करंदीकरांनी ऐकून घेतलं.

"अण्णा, माझा तुमच्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण मला माझ्या साहेबांना कागद दाखवावा लागतो. तोंडी शब्दावर सहाशे चाळीस नग मी कसे सोडू?"

"बरोबर हाय तुमचं," अण्णा म्हणाले.

मग करंदीकरांनी फाउंड्रीने परत न्यायच्या मालाची यादी पुढे केली आणि सहीसाठी पेन काढलं. दादांनी यादी वाचायला घेतली. ती लांबलचक होती, आणि देवाची कृपा, की दादा एकेक ओळ वाचत होते. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन अण्णांचा मेल उघडून बसले होते. दर मिनिटाला बटण दाबत होते. नवा सर्व्हर, नवं घर, सगळं माझ्या हाताने लावलेलं, आणि मी त्याच्या दारात पोस्टमनची वाट बघत बसले होते. करंदीकरांना दुसरा चहा आला. दादांनी यादीचं शेवटचं पान उलटलं.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी लोखंडे बाईंचा मेल आला. त्या सकाळीच गावाहून येऊन थेट कामावर गेल्या होत्या आणि फोन चार्ज होताच अण्णांचे सतरा मिस्ड कॉल त्यांना दिसले होते. मेलमध्ये स्वतःचा शब्द एकच, 'सापडला'. त्याखाली राजोपाध्यांचा मूळ मेल, तारीख, नकाशाचा नंबर आणि बावीस मिलिमीटर.

मी लॅपटॉप तसाच फिरवून करंदीकरांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला, पुन्हा वाचला, आणि पेनला टोपण लावलं.

"चूक आमच्याकडची आहे," ते म्हणाले. "माल आम्ही घेतो."

दादा उठले, अण्णांच्या खुर्चीपाशी आले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. करंदीकरांसमोर. अण्णांना ते इतकं अवघड झालं, की त्यांनी घाईघाईने जेवणाचं विचारायला सुरुवात केली.

चार वाजता, निघण्याआधी, मी त्यांच्या टेबलापाशी गेले. रात्रभर शब्द जुळवले होते, ते सगळे विसरले.

"अण्णा, मंगळवारी मी तुमच्याशी खोटं बोलले. त्याची माफी राहिली आहे."

"ठाव हाय की मला."

"हो, काल केबिनमध्ये..."

"काल न्हवं. रविवारीच." त्यांनी समोरची खुर्ची मला पुढे केली. "रविवारी आमचं काम असतंय न्हवं. मी हितंच बसलो हुतो, डब्यात कायतरी शोधत. माझ्या डोळ्यांदेखत अकरा हजाराचा आकडा शून्य झाला. मशीन आपोआप असं करत न्हाई, एवढं मला बी कळतंय. वर आलो तुम्हाला सांगाया. काचेतनं बघितलं तर तुम्ही घाम पुसत, दोन-दोन कॉम्प्युटर सांभाळत बसलेल्या. म्हणलं, आत्ता सांगितलं तर ह्या घाबरून उरलेल्या एकवीस जणांचं बी घालवतील."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. "मग मंगळवारी मला का विचारलंत, कुणाच्या हातून झालं का म्हणून?"

"वाट सोपी करून दिलती. तुम्ही चुकवली." ते हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदा. "मी नवीन असताना मालकांचे चार लाकडी पॅटर्न, ज्यावरनं साचे काढत्यात ते, जळण म्हणून शेगडीत घातलते. सांगायला मला सा म्हैने लागले. तुम्ही दोन दिवसांत सांगितलं. चांगलंच की."

"आणि आप्पासाहेब? काल त्यांना ऐकू आलं नाही का?"

"आप्पांना रविवारीच संध्याकाळी सांगून आलो हुतो. म्हणलं, बाईंच्या हातनं घाईत असं असं झालंय. बाई चांगली हाय, स्वतःहून सांगंल. तवर दादांना काय बोलू नका, न्हाईतर तिचं काम जाईल."

म्हणजे मी खोटं बोलले त्याच्या दोन दिवस आधीपासून हा माणूस माझ्या खरेपणाची हमी देऊन बसला होता.

"आप्पा काय म्हणाले?" मी विचारलं.

"इचारलं त्यांनी, आन् न्हाई सांगितलं तर?"

"मग?"

अण्णांनी खिशाला पेन लावलं. बाहेर ट्रक लागला होता.

"मग काय. म्हणलो, न्हाई सांगितलं तर माझी म्हणून धरा. एकतीस वर्सांत एक तरी चूक असू दे की माझ्या नावावर."

असं म्हणून ते माल भरला का ते बघायला गेले, आणि मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार केला.